बांधावरचा खेकडा, वाडग्यातल्या शेवया

मुंबई-गोव्याकडच्या मासळीच्या हॉटेलात मेन्यूकार्ड उघडलं की बाकी सगळ्या पदार्थांसमोर आकडे असतात आणि खेकड्यासमोर तीन अक्षरं : ए.पी.एस. म्हणजे जसा आकार, तसा दर. काही ठिकाणी वेटर जिवंत खेकडा टेबलाशी आणून दाखवतो. तो नांग्या उगारून आपल्याकडे बघत असतो आणि आपण मनातल्या मनात खिसा चाचपत असतो. मुंबईतल्या काळाघोड्याच्या 'तृष्णा'चा लोणी-मिरी-लसणीतला खेकडा देशभर नावाजला गेला, पण महिन्याच्या अखेरीला तो मागवायचं धाडस फारसं कुणी करत नाही. हनोईत मात्र खेकड्याच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया हे न्याहारीचं खाणं आहे. फुटपाथवर बुटकी प्लास्टिकची स्टुलं मांडलेली असतात, एका बाजूला मोठं पातेलं उकळीच्या जरा अलीकडे धरून ठेवलेलं असतं, आणि कामावर निघालेली माणसं वाडगंभर 'बुन रिउ' संपवून पुढे जातात. खेकडा एका शहरात चैन आणि दुसऱ्यात कांदेपोह्यांच्या पंक्तीला बसणारा, असं का?

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. हे दोन वेगळे प्राणी आहेत. ए.पी.एस.वाला खेकडा खाडीतला, कांदळवनाच्या चिखलातला. शास्त्रीय नाव 'स्कायला सेराटा'. तो किलो-दीड किलोपर्यंत वाढतो, त्याच्या नांगीत मुठीएवढं मांस असतं, आणि तो जिवंतच विकावा लागतो, कारण मेलेला खेकडा त्याच्याच पोटातल्या पाचकरसांनी आतून लवकर बिघडतो. जिवंत खेकडा दोरीने बांधून ओलसर टोपलीत ठेवला तर काही दिवस तग धरतो, म्हणून तो विमानाने सिंगापूर-हाँगकाँगला जातो. मालवणच्या बाजारात उभं राहून आपण ज्या खेकड्याचा भाव करतो, त्याचं दुसरं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे बसलेलं असतं. सिंधुदुर्गात कांदळवनालगत खेकडेपालनाचे प्रकल्प उभे राहिले तेही याच मागणीच्या भरवशावर.

व्हिएतनामी माणसं मोठा खेकडा खात नाहीत असं नाही. अमेरिकेत व्हिएतनामी खेकडा-नूडल्सची कीर्ती झाली ती मोठ्या खेकड्यामुळेच. सॅन फ्रान्सिस्कोतलं 'थान्ह लाँग' हे रेस्टॉरंट आन कुटुंबाने १९७१मध्ये सुरू केलं. १९७५मध्ये सायगाव पडल्यावर कुटुंबातली बाकीची माणसं निर्वासित होऊन तिथे पोहोचली, आणि हेलन आन या सुनेने भट्टीत भाजलेला अख्खा खेकडा आणि सोबत लसणीच्या नूडल्स ही जोडी लोकप्रिय केली. खेकडा पॅसिफिक किनाऱ्यावरचा, डंजनेस जातीचा. त्या शहरात ही जोडी नंतर कितीतरी व्हिएतनामी हॉटेलांत, कमी-जास्त दरांत पसरली. पण ती सणासुदीची मेजवानी. तिच्यात खेकडा ताटाच्या मधोमध राजासारखा बसलेला असतो. 'बुन रिउ'मध्ये खेकडा दिसतच नाही, आणि त्याच्या स्वस्ताईचं सगळं गुपित या न दिसण्यात आहे.

न दिसणारा हा खेकडा भाताच्या खाचरातला. पाठ इनमीन दीड-दोन इंच रुंद. सोलून मांस काढायला बसलो तर मांसापेक्षा मेहनत जास्त. उत्तर व्हिएतनाममधल्या लाल नदीच्या खोऱ्यात भाताची शेतं आणि त्यांना पाणी देणारे पाट यांत तो मुबलक सापडत असे. शास्त्रज्ञ त्याला 'सोमानियाथेल्फुसा' या गटात घालतात. हा गट 'गेकार्सिनुसिडी' नावाच्या कुळातला आहे, आणि आपल्या गोड्या पाण्यातले खेकडेही त्याच कुळातले. म्हणजे हनोईच्या वाडग्यातला खेकडा आणि छत्तीसगडच्या धानाच्या शेतातला खेकडा हे एकमेकांचे भाऊबंद आहेत.

छत्तीसगडातली दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरं, आणि पद्मनाभपुर ही दुर्गातली वसाहत. तिथून कुठल्याही दिशेला निघालात तरी थोड्याच वेळात भाताची शेतं लागतात. पश्चिमेला राजनांदगाव, डोंगरगड, आणि रेल्वेने दोन-अडीच तासांवर गोंदिया, म्हणजे आपली झाडीपट्टी. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा तलाव आणि धानाचा मुलूख. राज्यांची सीमा माणसांनी १९५६ साली आखली. धानाने, तलावांनी आणि खेकड्यांनी तिची दखल घेतलेली नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या पट्ट्यात मराठी कुटुंबं आहेत. त्यात भिलाईचा पोलाद कारखाना आला. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५चा आणि पहिली झोतभट्टी पेटली ती १९५९मध्ये. कारखान्याबरोबर केरळ, आंध्र, बंगाल, तामिळनाडू, महाराष्ट्र अशी चहूकडची स्वयंपाकघरं इथे आली. खेकडा हा त्यांतल्या बऱ्याच स्वयंपाकघरांचा समान मित्र. खुद्द छत्तीसगडी खेड्यात तर धानाच्या शेतातला 'केकरा' पावसाळ्याचं हक्काचं कोरड्यास आहे.

शेतातला हा खेकडा जगतो कसा, हे मजेशीर आहे. समुद्रातल्या खेकड्याची मादी लाखांनी अंडी सोडते, त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात आणि अनेक रूपं बदलत मोठ्या होतात. त्यासाठी खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यातल्या या कुळाने अळीची अवस्थाच गाळून टाकली आहे. मादी मोजकी आणि मोठी अंडी पोटाखालच्या रुंद झडपेत धरते, तिथेच त्यांतून तयार, चिमुकले खेकडे बाहेर पडतात आणि काही काळ आईच्या पोटाला चिकटून राहतात. समुद्राशी नातं तोडल्यामुळेच हा प्राणी डोंगरमाथ्यावर आणि हजार किलोमीटर आतल्या खाचरात राहू शकतो. उन्हाळ्यात तो बिळात खोल, ओलीच्या आधाराने पडून राहतो. मृगाचा पाऊस लागला की बाहेर येतो, आणि मग बॅटऱ्या घेऊन निघालेली माणसंही.

कर्नल साइक्स हे ब्रिटिश अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरले. पिकं, पक्षी, पाऊस यांबरोबर त्यांनी इथल्या जमिनीवर फिरणाऱ्या खेकड्यांचीही नोंद ठेवली. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८३६मध्ये ते टिपण छापून आलं, आणि वेस्टवूड या शास्त्रज्ञाने त्यातल्या खेकड्याला नाव दिलं. तीच जात आज 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' म्हणून ओळखली जाते. सह्याद्रीतल्या नव्या जाती अजून सापडत आहेत. २०१६मध्ये पाच जातींचं वर्णन प्रसिद्ध झालं, त्यातल्या एकीला तेजस ठाकरे यांचं आडनाव मिळालं. त्या चिमुकल्या रंगीत जाती पाहायच्या. कालवणात जातात ते करडे-तपकिरी, बांधात बिळं करणारे.

बांधात बिळं करणारे म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने उपद्रवीच. बिळातून खाचराचं पाणी निघून जातं, आणि कोवळी रोपंही खेकडे कातरतात. २ जुलै २०१९ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा एका मंत्र्यांनी त्याचं खापर खेकड्यांवर फोडलं आणि राज्यभर थट्टा आणि संताप दोन्ही उसळले. धरणाचा हिशोब खेकड्याच्या नावावर टाकणं हास्यास्पदच. खाचराचा बांध मात्र तो खरोखर पोखरतो. आणि जो पोखरतो त्याला पकडून खाल्लं की पिकाचं रक्षण झालं आणि रात्रीचं कालवणही. या खेकड्याला ना जाळं लागतं, ना होडी, ना बर्फ. लागतो तो पोरांचा रिकामा वेळ आणि बिळात घालायला लोखंडी आकडी. स्वस्त पदार्थांचा जन्म बहुधा असाच होतो. जे पकडायला पैसे पडत नाहीत आणि दुसरं कुणी विकत घेत नाही, त्याला चव कशी आणायची यावर घरातल्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलेलं असतं.

ते डोकं हनोईत आणि आपल्याकडे जवळजवळ सारखंच चाललं. व्हिएतनामी घरात खेकडे धुऊन पाठीचं कवच आणि पोटाखालची झडप काढतात. कवचात चिकटलेला पिवळा-नारिंगी गर काडीने खरवडून वाटीत वेगळा ठेवतात. बाकीचा खेकडा, पाय-कवचासकट, थोडं मीठ घालून दगडी खलात कुटतात. कुटलेल्या लगद्यात पाणी घालून कालवतात, गाळतात, चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पुन्हा गाळतात. आता आपली रीत आठवा. कोकणात, घाटावर, कोल्हापूर-साताऱ्याकडे, खेकडे साफ करताना नांग्या बाजूला काढतात आणि बारीक पाय पाट्यावर, हल्ली मिक्सरमध्ये, वाटून त्याचं पाणी गाळून घेतात. ते पाणी कालवणात गेलं नाही तर जाणती माणसं त्या कालवणाला खेकड्याचं म्हणत नाहीत. सर्दी-खोकल्याला देतात तो झणझणीत रस्साही याच पाण्याचा. कुणी कुणाकडून शिकलं असण्याची गरज नाही. मांस काढण्याजोगं नसलेला कवचाचा प्राणी हाती आला की कुटणं आणि गाळणं हेच सुचतं.

फरक पुढे पडतो, आणि माझ्या मते तिथे व्हिएतनामी बाईने आपल्यावर मात केली आहे. गाळलेलं ते करडं पाणी ती मंद आचेवर ठेवते आणि हलक्या हाताने ढवळत राहते. मिठामुळे खेकड्याच्या स्नायूंतली प्रथिनं पाण्यात उतरलेली असतात. पाणी पन्नास-साठ अंशांच्या पुढे तापलं की त्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना पकडतात, त्या जाळ्यात चरबीचे कण आणि हवा अडकते आणि सगळं हलकं होऊन वर येऊ लागतं. वर येताना दिसलं की ढवळणं थांबवायचं. दूध नासल्यावर जसा चोथा आणि निवळी वेगळी होते तसंच इथे घडतं, फक्त इथे ते मुद्दाम आणि हळुवार घडवलेलं असतं. पातेल्यावर खेकड्याचा मऊ, स्पंजासारखा थर तरंगतो आणि खाली स्वच्छ सार राहतं. हा तरंगणारा थर म्हणजेच 'रिउ'. भडक उकळी आली तर तो फुटतो आणि सगळ्याची माती होते. म्हणून हनोईतलं ते पातेलं उकळीच्या जरा अलीकडे धरलेलं असतं. फ्रेंच स्वयंपाकात अंड्याच्या पांढऱ्याने सूप निवळतात त्याचं शास्त्र अगदी हेच आहे. फ्रेंच तो थर फेकून देतात, व्हिएतनामी तो खातात.

आपण काय करतो? खेकड्याचं पाणी वाटणात ओततो आणि खळखळून उकळतो. प्रथिनांचे कण रश्श्यात विखुरतात, थोडा दाटपणा येतो, चव भरपूर येते, पण थर मिळत नाही. भाजलेलं खोबरं, कांदा, गरम मसाला यांच्या गर्दीत खेकड्याला आपला आवाज काढायला वाव उरत नाही. घाटावरच्या भरल्या खेकड्यात मात्र वेगळी युक्ती आहे. कवचाच्या वाटीत मसाल्यात कालवलेलं बेसन भरतात. ते रस शोषून घट्ट होतं आणि थोड्या खेकड्यात पोटभर घास तयार होतो. बेसनाची ही युक्ती आणि 'रिउ'ची युक्ती एकाच गरजेतून आल्या आहेत : खेकडे चार, खाणारी तोंडं आठ.

वाडग्यावर पसरलेला लालसर तवंग पाहून नागपूरकराला तर्री आठवेल. या तवंगाची घडण अशी. खेकडा जिवंत असताना काळपट-हिरवा असतो, कारण त्याच्या अंगातलं 'अ‍ॅस्टॅक्झँथिन' हे लाल रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने प्रथिनाची मिठी सुटते आणि लाल रंग उघडा पडतो. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून कवचातून खरवडलेला तो गर छोट्या कांद्याबरोबर तेलात परततात. कोळी बायका चिंबोरीतल्या लाखेला जो मान देतात, तोच मान तिथे या गराला. रंग आणखी खुलवायला शेंद्रीच्या बियांचं तेलही घालतात. तर्रीत मिरचीचा रंग तेलात उतरतो, इथे खेकड्याचा. तिखट मात्र ज्याचं त्याने वरून घ्यायचं.

तेलात टोमॅटो परतून सारात पडतो. टोमॅटो आला अमेरिका खंडातून, युरोपीय लोकांच्या हातून, तरी आज त्याच्याशिवाय हा वाडगा कुणी ओळखणार नाही. तो नुसता आंबटपणासाठी नाही. खेकड्याची चव कशात असते याचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९७०-८०च्या सुमारास घेतला. खेकड्याच्या अर्कातून एकेक घटक वगळून चव पाहत गेल्यावर उरले ते थोडेच : ग्लायसिनची गोडी, अर्जिनिन, ग्लुटामिक आम्ल, दोन न्यूक्लिओटाइडं आणि मीठ. ग्लुटामेट आणि न्यूक्लिओटाइड एकत्र आले की रुचकरपणा बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. त्यात कोळंबीची आंबवलेली खारी चटणी, 'माम तोम', चमचाभर पडते. तिचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला पळवून लावेल असा असतो. सुकट-जवळा भाजताना शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद झालेल्या ज्याने पाहिल्या आहेत, तो मात्र टिकेल. या सगळ्यामुळे मूठभर खेकड्यांच्या पाण्याला हाडं तासन्‌तास उकळलेल्या सुपाची भरदार चव येते, आणि तीही फारसं इंधन न जाळता. स्वस्त खाणावळीला आणखी काय हवं?

आता शेवया. नूडल्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाच्या, पिवळ्या, दोन मिनिटांच्या येतात. 'बुन' तांदळाची, पांढरीशुभ्र, गोल धाग्यांची आणि ताजी असते. तांदूळ भिजवून, बऱ्याचदा दोनेक दिवस आंबू देऊन, पाण्याबरोबर वाटतात. वाटण कापडात बांधून वजनाखाली निथळतात, त्या पिठाला थोडं शिजवतात, मळतात आणि साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. वर आल्या की काढून गार पाण्यात धुतात. सिंधुदुर्गातल्या वाचकाला इथे राहवणार नाही, कारण हे त्याच्या घरातले शिरवाळे आहेत. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. साचा दाबायला घरातला धट्टाकट्टा माणूस लागतो आणि एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारे काकाही त्या दिवशी कामाला येतात. फक्त आपले शिरवाळे नारळाच्या दुधात आणि गुळात बुडतात, त्यांचे खेकड्याच्या सारात.

पीठ आधी शिजवण्याची ही भानगड का? गव्हात ग्लुटेन असतं, ते कणकेला बांधून ठेवतं. तांदळात ते नाही. तांदळाचं कच्चं पीठ कितीही मळलं तरी त्याची तार निघत नाही. मग बांधणी स्टार्चकडूनच करून घ्यावी लागते. पाण्यात तापवल्यावर स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. हा चिकटा उरलेल्या पिठाला धरतो. पुढे गार पाण्यात स्टार्चमधल्या 'अमायलोज'च्या सरळ साखळ्या पुन्हा शेजारी शेजारी रचल्या जातात आणि शेवई ताठ होते. म्हणून अमायलोज जास्त असलेला, मोकळा शिजणारा तांदूळ शेवयांना चांगला. वासाचा, गिचका होणारा तांदूळ कामाचा नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला मोकळा मिळतो त्याचंही कारण हेच.

तांदळाच्या बाबतीत छत्तीसगडने व्हिएतनामपुढे मान खाली घालायचं काही कारण नाही. डॉ. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपुरातून या प्रदेशातल्या धानाचे एकोणीस हजारांहून अधिक नमुने गोळा केले, आणि तो साठा आज तिथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. पोह्यांसाठी नावाजलेलं जाड 'महामाया' धान इथलंच. तांदळाच्या पिठाला वाफेवर शिजवण्याची कलाही आहे. छत्तीसगडी फरा म्हणजे बोटाएवढे, वाफवलेले तांदळाचे तुकडे, आणि वर तीळ-मिरचीची फोडणी. दक्षिण आणि मध्य व्हिएतनामात 'बान्ह कान्ह' नावाच्या जाड, गुळगुळीत, लांबट शेवया असतात, त्याही खेकड्याबरोबर खातात. बोटाएवढा फरा आणखी लांबवला की तिथवर पोहोचायला फार अंतर राहत नाही.

तेव्हा पद्मनाभपुरातल्या एखाद्या घराने किंवा होतकरू हॉटेलवाल्याने हा वाडगा मांडायचं ठरवलं तर किती गोष्टी बाहेरून आणाव्या लागतील? चिंच आहे, टोमॅटो आहेत, छोटे कांदे आहेत. तळलेल्या टोफूच्या जागी पनीर चालवणारे निघतील. मला ते पटत नाही, दुधाची चव खेकड्याशी भांडते, त्यापेक्षा सोयाबीनचं पनीर शोधावं. वरून पेरायला केळफुलाचे बारीक काप लागतात. भिलाईच्या बंगाल्यांना आणि मल्याळ्यांना केळफूल कापायचं कसं हे सांगायला नको. पाण्यात वाढणारी नाळीची भाजी हनोईत उभी चिरून, तिचे कुरकुरीत वळलेले धागे वाडग्यात टाकतात. छत्तीसगडच्या बाजारात हीच भाजी करमत्ता म्हणून मिळते, आणि तिचे देठ टाकून देण्याची आपली सवय या कामी सोडावी लागेल. मोड आलेले मूग, लिंबू, कोथिंबीर, पुदिना यांचा प्रश्नच नाही. अडतो तो फक्त जांभळट पानांचा 'तिआ तो'. त्याची बहीण उत्तराखंडात भंगीरा या नावाने बियांसाठी पिकते, पण दुर्गात ताजी पानं मिळणं कठीण. मत्स्यरस आणि 'माम तोम' बाटलीतूनच आणावे लागतील.

खेकड्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. गोड्या पाण्यातला खेकडा कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नये, त्याचा न शिजवलेला रस औषध म्हणून तर मुळीच पिऊ नये. 'पॅरागोनिमस' नावाचा चपटा कृमी आपल्या आयुष्याचा एक टप्पा गोगलगायीत आणि पुढचा या खेकड्यांत काढतो. माणसाच्या पोटात गेला की तो आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात घर करतो. खोकला, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, सगळी लक्षणं क्षयाची, म्हणून रुग्णाला कित्येकदा क्षयाचीच औषधं दिली जातात आणि गुण येत नाही. हा कृमी पहिल्यांदा वर्णिला गेला १८७८मध्ये, युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या बंगाली वाघांच्या फुप्फुसांतून. भारतात मणिपूर, नागालँड, अरुणाचलात आणि व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगराळ प्रांतांत त्याचे रुग्ण आढळले आहेत. नीट निदान झालं तर 'प्राझिक्वान्टेल' या गोळ्यांनी रुग्ण बरा होतो. पूर्ण शिजवलेल्या खेकड्यापासून धोका नाही. धोका आहे तो कुटताना उडालेल्या रसाचा, त्याच पाट्यावर मग वाटलेल्या चटणीचा, त्याच सुरीने चिरलेल्या काकडीचा. भांडी आणि हात साबणाने धुणं हा इथे पाककृतीचाच भाग समजावा. ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हा वाडगा दुरूनच पाहावा, कारण ती घडवणारं 'ट्रोपोमायोसिन' हे प्रथिन खेकड्यातही असतं आणि शिजवून नष्ट होत नाही.

दुसरा धोका खेकड्यालाच आहे. शेतात कीटकनाशक फवारलं की ते किडीबरोबर खेकड्यालाही लागतं, तोही संधिपादच. लाल नदीच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना खाचरातले खेकडे आठवतात तितके आता दिसत नाहीत, आणि आपल्या भातपट्ट्यात विचारलं तरी हेच ऐकायला मिळतं. व्हिएतनाममध्ये त्यावर उपाय म्हणून हे खेकडे मुद्दाम पाळू लागले आहेत. कुटलेला खेकडा गोठवून पाकिटातून विकला जातो. परदेशातल्या व्हिएतनामी हॉटेलांत तर डब्यातला वाटलेला खेकडा, सुकी कोळंबी, डुकराचा खिमा आणि अंडं एकत्र कालवून 'रिउ'चे गोळे करतात. स्वस्त हॉटेलात वाडगा समोर आला की हे ओळखता येतं. गोळा गुळगुळीत, घट्ट आणि चमच्याने कापावा लागला तर त्यात अंडं आणि खिमा जास्त. थर विस्कळीत, ढगासारखा, जिभेवर मोडणारा आणि क्वचित कवचाची बारीक कच दाताखाली येणारा असेल तर आत कुणीतरी खरोखर खेकडे कुटलेत. दोन्ही खायला चांगले. पैसे मात्र दुसऱ्याचे थोडे जास्त पडले तर तक्रार करू नये.

आपल्या देशात व्हिएतनामी स्वयंपाक घरोघर जुना आहे तो पुदुच्चेरीत. फ्रेंच अमलात तिथले तमिळ शिपाई आणि कारकून सायगावात नोकरीला गेले, काहींनी तिथे लग्नं केली, आणि १९५४नंतर फ्रेंचांनी इंडोचायना सोडला तेव्हा ती कुटुंबं परतली. तिथे आजही तांदळाच्या पापडात गुंडाळून तळलेले 'चा जिओ' सणाला होतात. म्हणजे हा स्वयंपाक भारतात आला तो हॉटेलांच्या आधी लग्नांतून. भिलाईसारख्या गावात, जिथे एका गल्लीत चार प्रांतांच्या फोडण्या बसतात, तो कुठल्या वाटेने येईल ते सांगता येत नाही. यायचाच असेल तर त्याने पावसाळ्यात यावं. आषाढ-श्रावणात दुर्गच्या आसपासच्या बाजारांत खेड्यातल्या बायका टोपलीत खेकडे घेऊन बसतात. विकत घेताना खेकडा उलटा करून पाहावा. झडप अरुंद असेल तर नर. रुंद झडपेखाली अंडी किंवा पिल्लं चिकटलेली दिसली तर ती मादी टोपलीत परत ठेवायला सांगावी, आणि बाई ऐकणारी असेल तर शेतात सोडायलाही.